पन्हाळ्याची उंची फोनला कशी कळते?

कोल्हापूरहून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर, पण चढ सुमारे ४०० मीटरचा. या उंचीवर दर नऊएक मीटरला हवेचा दाब साधारण १ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे गडावर पोहोचेपर्यंत ४० हून जास्त हेक्टोपास्कल कमी! दाबमापक सेन्सर असलेल्या फोनला हा फरक सहज टिपता येतो. मात्र सेन्सर देतो ते नुसते कच्चे आकडे. त्यांतून दाब काढून वरच्या सॉफ्टवेअरला देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

तो लिहायला शिकायचं असेल तर फोनच्या वाटेला जाऊ नका. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही लिनक्सच चालतो. तेव्हा सराव तिथे करावा. बॉशच्या बीएमपी२८० चिपचं छोटं मॉड्यूल घ्या आणि चार तारा जोडा: वीज, ग्राउंड, डेटा, क्लॉक. डेटा आणि क्लॉक या दोन तारांवरच्या संवादाची पद्धत, आय-टू-सी, फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली. ती आजही सगळीकडे आहे.

आता कोडची घाई नको. आधी डेटाशीट, म्हणजे चिपचं तांत्रिक माहितीपत्रक, वाचा. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. पहिलं काम ओळखपरेड. डी० या रजिस्टरमधून (चिपमधल्या आकडा ठेवायच्या ठरावीक जागेतून) हेक्स ५८, म्हणजे सोळाच्या पद्धतीतला ५८, आलं तर समोर बीएमपी२८०च आहे. दुसरं आलं तर तारा तपासा, किंवा दुकानदाराने वेगळीच चिप दिलीय का ते बघा. मग चिपला जागं करायचं, कारण वीज मिळाली तरी ती झोपलेलीच असते. एफ४ रजिस्टरमध्ये योग्य बिट लिहिल्याशिवाय ती मोजमाप सुरूच करत नाही.

खरी गंमत पुढे आहे. दाबाचा २० बिटांचा आकडा तीन बाइटमध्ये विभागून येतो. ते एकेक करून सवडीने वाचले, तर मधल्या वेळात नवं मोजमाप होऊन जुने-नवे बाइट एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून दाब आणि तापमानाचे सहाही बाइट एका दमात वाचायचे. तापमान कशाला? तर सेन्सरचं दाबाचं रीडिंग तापमानाप्रमाणे सरकतं. शिवाय कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक चिपमध्ये तिचे स्वतःचे १२ दुरुस्ती-गुणांक साठवलेले असतात. ते वाचून डेटाशीटमधल्या सूत्रात घातले की मगच खरा दाब निघतो. शेजाऱ्याच्या चिपचे गुणांक आपल्या चिपला चालत नाहीत.

कोल्हापुरात घरात बसून ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास आकडा आला तर ठीक. १०१३ बघून हुरळून जाऊ नका, तो समुद्रसपाटीचा दाब.

एवढं जमलं की लिनक्सच्या आयआयओ या सेन्सरसारख्या उपकरणांच्या विभागात याच चिपचा तयार ड्रायव्हर आहे, तो उघडून आपल्या कोडशी ताडून बघा. बऱ्याच फोनमध्ये मात्र हे काम मुख्य प्रोसेसरकडे नसतंच. बॅटरी वाचावी म्हणून सेन्सर हब नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर ते सांभाळतो. तिथेही ओळख, जाग, वाचन, दुरुस्ती हाच क्रम चालतो, फक्त त्या हबचा कोड सहसा कंपनीच्या कुलुपात असतो.