तासाला किती मिलिमीटर?

आमच्या सोसायटीची जागा जेमतेम हजार चौरस मीटर. त्यात इमारत, पार्किंग, पाण्याची टाकी आणि मागच्या बाजूला एक गुलमोहर. पावसाचं गणित समजून घ्यायला एवढी जागा पुरते, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. तासाभरात २५ मिलिमीटर पडला तर आमच्या आवारात २५,००० लिटर. उन्हाळ्यात आम्ही दहा हजार लिटरचा टँकर मागवतो, तसे अडीच टँकर. ५० मिलिमीटर पडला तर पाच. २६ जुलै २००५ च्या दुपारी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका तासात सुमारे १९० मिलिमीटरची नोंद झाली. म्हणजे एकोणीस टँकर, तेही एका तासात आणि एवढ्याशा सोसायटीत.

हे पाणी गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत किंवा समुद्रात जातं. पण गटाराची रुंदी कुणीतरी कधीतरी ठरवलेली असते, आणि ती ठरवण्यासाठी आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: किती पाऊस गृहीत धरायचा? शहराचे पुढच्या पन्नास वर्षांचे अग्रक्रम सभागृहातल्या भाषणांत ठरतात असं आपल्याला वाटतं. माझं मत असं झालंय की त्यातले बरेचसे या असल्या आकड्यांत ठरतात, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था इंग्रजांच्या काळात आखली गेली. तिच्यामागे तीन गृहीतकं होती. पाऊस तासाला २५ मिलिमीटर. पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमिनीत मुरेल आणि निम्मंच गटारात येईल. आणि त्या वेळी समुद्राला ओहोटी असेल. आमच्या जागेच्या भाषेत सांगायचं तर तासाला साडेबारा हजार लिटर, सव्वा टँकर. अंगण मातीचं, आजूबाजूला वाड्या आणि मोकळी मैदानं, तेव्हा हा अंदाज वावगा नव्हता.

१९८५ च्या पुरानंतर महापालिकेने सल्लागार नेमले आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. त्याने दोन आकडे बदलले. पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरायचा, आणि पडलेलं सगळं पाणी वाहून येणार असं समजायचं, कारण मुरायला माती उरलेली नाही. आपण चर्चा करतो ती फक्त पहिल्या आकड्याची: पंचवीसचे पन्नास झाले, दुप्पट. पण दुसरा आकडाही दुप्पट झाला होता, आणि दोन्हींचा गुणाकार होतो. सव्वा टँकरचे पाच टँकर. पाऊस दुप्पट धरला आणि गटारांवरचा भार चौपट निघाला. उरलेली दुप्पट आपण डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकने स्वतःच्या हाताने तयार केलेली होती.

अहवाल आला, पण बहुतेक कामं रखडली. मग बारा वर्षांनी २६ जुलै उजाडला. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघे ७३. शेकडो माणसं गेली. त्यानंतर केंद्राने सुमारे बाराशे कोटी मंजूर केले आणि धूळ खात पडलेला अहवाल एकदम पहिल्या क्रमांकाचं काम झाला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तासाला ५० मिलिमीटर हा आकडा साधारण वर्षातून दोनदा गाठला जाईल असा धरलेला होता. म्हणजे सगळे नाले रुंद झाले, सगळा गाळ उपसला, सगळे पंप चालले, तरी वर्षातून एक-दोनदा पाणी तुंबणार हे त्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. दर जुलैत बातम्या विचारतात, ‘मुंबई का तुंबली?’ खरा प्रश्न आहे की किती वेळा तुंबलेली चालेल, हे कुणी आणि कुणाला विचारून ठरवलं.

अभियंते याला पुनरावृत्ती काळ म्हणतात, आणि हा शब्द फार फसवा आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ म्हटलं की वाटतं, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात येईल. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे, मागच्या वर्षी आला असला तरीही. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता निघते सुमारे २६ टक्के. पन्नास वर्षांत सुमारे ४० टक्के. तळमजल्यावर घर घेणाऱ्याला कागदावर हा आकडा दाखवला, तर तो नक्की दोनदा विचार करेल.

हा धोका किती पत्करायचा याचं गणित नेदरलँड्सने फार गंभीरपणे मांडलं. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून तिथे १,८३६ माणसं मेली. त्यानंतर नेमलेल्या आयोगासाठी डेव्हिड व्हान दान्त्सिख या गणितज्ञाने प्रश्न सरळ करून मांडला. बांध जितका उंच, तितका खर्च जास्त. बांध जितका उंच, तितकी पुढच्या नुकसानीची अपेक्षित रक्कम कमी. दोन्हींची बेरीज जिथे सगळ्यात कमी होईल, ती उंची योग्य. अखेर देशाच्या मध्यभागासाठी दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाला टिकेल असा बांध ठरला. समुद्राचा बांध आणि रस्त्याकडेचं गटार यांची बरोबरी करता येणार नाही. बांध फुटला तर जिल्हाच बुडतो. पण पद्धत उचलण्यासारखी आहे: आकडा आधी उघडपणे मांडायचा, मग त्यावर वाद घालायचा.

या बेरजेत दोन ठिकाणी माणसाचा निवाडा लपलेला असतो.

पहिलं ठिकाण म्हणजे वटावाचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दर साल जितके टक्के वजा करायचे तो दर. पन्नास वर्षांनी टळणारं एक कोटीचं नुकसान आज किती रुपयांचं मानायचं? दर साल १२ टक्के धरले तर सुमारे ३५ हजार. ४ टक्के धरले तर सुमारे १४ लाख. कामही तेच, पूरही तोच, तरी चाळीस पट फरक. १२ टक्क्यांच्या तक्त्यात आज झाडं आणि तलाव वाचवण्याचं काम कधीच वर येणार नाही, उड्डाणपूल मात्र येईल, कारण त्याचा फायदा तिसऱ्या वर्षी दिसतो. ज्यांचा जन्मही झालेला नाही त्यांच्या सुखदुःखाची किंमत एका टक्केवारीत ठरते, आणि ती टक्केवारी प्रकल्प अहवालाच्या कुठल्यातरी परिशिष्टात असते.

दुसरं ठिकाण, नुकसान कोणाचं मोजायचं. केंद्र सरकारच्या १९९३ च्या नियमपुस्तिकेत गटारांसाठी वस्तीनुसार आकडे दिले होते. शहराच्या कडेच्या निवासी भागात पाणी वर्षातून दोनदा तुंबलं तरी चालेल, मध्यवर्ती आणि तुलनेने महागड्या निवासी भागात एकदा, आणि व्यापारी, महाग भागात दोन वर्षांतून एकदा. जमिनीचा भाव थेट नियमात आला होता. २०१९ मध्ये नवी पुस्तिका आली आणि हे निकष कडक झाले, पण जमिनीखालच्या वाहिन्या जुन्याच हिशेबाच्या आहेत. रुपयांत मोजलं तर शोरूममधलं पाणी कोटींचं आणि झोपडीतलं काही हजारांचं. पण त्या काही हजारांत घरातलं धान्य, गादी, शिलाई मशीन आणि मुलीची दहावीची पुस्तकं असतात. जिथे चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहतात, त्या शहराने नुकसान फक्त रुपयांत मोजणं मला अन्यायाचं वाटतं. ते कुटुंबाच्या किती महिन्यांच्या कमाईत मोजलं, तर यादीतला क्रम पार बदलेल.

आता समुद्राकडे येऊ. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याची १८६ पातमुखं, म्हणजे नाले जिथे समुद्रात किंवा खाडीत उघडतात ती तोंडं, आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीतही मोकळी राहणारी फक्त सहा. भरती आली की बाकीच्यांची वाट बंद. म्हणून पंप लागतात. ब्रिमस्टोवॅडने आठ पंपिंग स्टेशनं सुचवली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहूल ही दोन वर्षानुवर्षं अडकली ती मुख्यतः जागेच्या प्रश्नात. दूरच्या नियोजनात काँक्रीटपेक्षा जागा आधी लागते, आणि ती मोकळी असते तेव्हाच राखून ठेवावी लागते.

जागा राखायचं काम विकास आराखड्याचं. १९६६ च्या कायद्याने तो वीस वर्षांनी नव्याने करायचा असतो. १९८१ ते २००१ या काळासाठीचा मुंबईचा आराखडा मंजूर होता होता १९९१ उजाडलं, आणि काही भागांना त्यानंतरही वाट पाहावी लागली. २०१४ ते २०३४ च्या आराखड्याचा पहिला मसुदा इतक्या चुकांचा निघाला की २०१५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. या मधल्या वर्षांत शहर थांबत नाही. मिठीच्या मुखाजवळ जिथे भरतीचं पाणी पसरायचं, त्या दलदलीवर भराव पडून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. नदीची ती जागा आता कितीही पैसे मोजले तरी परत मिळणार नाही.

कोपनहेगनने यातून एक वेगळी वाट काढली. २ जुलै २०११ ला तिथे दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी त्यांनी वीस वर्षांचा कार्यक्रम ठरवला, सुमारे तीनशे कामांचा. सगळं पाणी नळात घालायचा हट्ट त्यांनी सोडला. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसात रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको, एवढं उद्दिष्ट धरलं, आणि कुठल्या बागा, कुठली मैदानं काही तास पाणी धरून ठेवतील ते नकाशावर आखलं. मुंबईत हिंदमाताच्या पाण्यासाठी दादर-परळच्या मैदानांखाली बांधलेल्या टाक्या याच विचाराच्या. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात. तेव्हा पाणी सगळा दिवस साठवायची गरज नसते, ओहोटी लागेपर्यंतचे काही तास निभावले की झालं.

आणि आकडे एकदा ठरवून भागत नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे जुन्या नोंदींवरून काढलेला पुनरावृत्ती काळ हळूहळू खोटा ठरत जातो. नालेसफाईची ३१ मेची मुदतसुद्धा एक गृहीतकच आहे: मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सुमाराला येतो हे. २०२५ मध्ये तो २६ मेला आला. नाल्यांतला गाळ अजून उपसला जात होता, आणि वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं.

महापालिकेने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला, ते चांगलं झालं. त्यात पुराचे धोके आणि हिरव्या जागा एकत्र मांडल्या आहेत. पुढच्या विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी येईल तेव्हा मी आपल्या भूखंडावरचं आरक्षण बघणारच, ते सगळेच बघतात. पण त्याआधी तीन आकडे शोधणार आहे: पाऊस तासाला किती धरला, त्यातला किती मुरेल असं मानलं, आणि वटावाचा दर किती.

दरम्यान गेल्या सर्वसाधारण सभेत आम्ही मागच्या बाजूचे पेव्हर ब्लॉक काढायचं ठरवलं. जागा १८० चौरस मीटर. गुलमोहराच्या बुंध्यापाशी पहिला ब्लॉक उचलला तेव्हा खाली खडी होती, खडीखाली भरावाचा राडारोडा, आणि फूटभर खणल्यावर काळी, ओलसर माती लागली. तिच्यात बादलीभर पाणी ओतलं. आमच्या चौकीदारकाकांनी घड्याळ लावलं होतं. बादली मुरायला सहा मिनिटं लागली. शेजारच्या ब्लॉकवर ओतलेली बादली तेवढ्यात केव्हाच फाटकाबाहेर रस्त्यावर पोचली होती.