घानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष कधीपासून?

‘घाना १९५७ साली स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी त्याला पहिला राष्ट्राध्यक्ष मिळाला,’ अशी माहिती वर्षानुवर्षे फिरते आहे. यातलं साल बरोबर आहे, पद मात्र चुकलं आहे.

६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला नाही. राज्यप्रमुख ब्रिटनची राणीच राहिली, तिच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहत होते. स्वातंत्र्यलढ्याचा नेता क्वामे एन्क्रुमा तेव्हा पंतप्रधान होता. १९६० मध्ये सार्वमत झालं, १ जुलैला प्रजासत्ताक आलं आणि तोच नेता राष्ट्राध्यक्ष झाला. मधली तीन वर्षं पुसली, तर लोकांनी मत देऊन राणीचं पद दूर केलं हेच दिसेनासं होतं. मला तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

गैरसमज होणं स्वाभाविक आहे, कारण माणूस एकच होता.

पडताळणी सोपी आहे: स्वातंत्र्याची आणि प्रजासत्ताकाची तारीख वेगवेगळी शोधा. केनियात १२ डिसेंबर १९६३ आणि १२ डिसेंबर १९६४, नायजेरियात १ ऑक्टोबर १९६० आणि १ ऑक्टोबर १९६३. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९४७ आणि २६ जानेवारी १९५०. झांबियात मात्र दोन्ही एकाच दिवशी, २४ ऑक्टोबर १९६४ ला घडलं. तिथे हे विधान खरं ठरतं.