मधुमेहाच्या जनुकांचा शोध: पार्श्वभूमी

हंटिंग्टनच्या आजाराशी (हा मेंदूचा आनुवंशिक आजार) जोडलेली खूण, म्हणजे माणसामाणसांत वेगळी असणारी डीएनएमधली जागा, चौथ्या गुणसूत्रावर १९८३ मध्ये सापडली. जनुक प्रत्यक्ष हाती यायला आणखी दहा वर्षे गेली. आजारासोबत कोणती खूण वारशाने जाते हे नातेवाइकांत पाहण्याची तीच रीत मधुमेह-दम्याला लावून नव्वदच्या दशकात कुटुंबेच्या कुटुंबे तपासली गेली, पण एका अभ्यासात सापडलेली गुणसूत्रावरची जागा दुसऱ्यात टिकेना. प्रत्येक जनुकाचा वाटाच इतका लहान, की नातेवाइकांच्या मागे लागून तो दिसणार नव्हता. त्यासाठी हजारो रुग्ण आणि निरोगी माणसांची थेट तुलना हवी, असा हिशेब १९९६ मध्ये मांडला गेला.

वाद पेटला तो कोणत्या खुणा घ्यायच्या यावर. माणसांतल्या डीएनए-फरकांचा नकाशा करणाऱ्या, २००२ मध्ये सुरू झालेल्या हॅपमॅप प्रकल्पाने लोकसंख्येत निदान ५ टक्के प्रमाणात आढळणाऱ्या, म्हणजे सामान्य, खुणांवर भर दिला. शेजारचे डीएनए-फरक सहसा एकत्रच वारशाने येतात, म्हणून काही लाख खुणांत बहुतेक जनुकसंच पाहता येईल आणि या खुणा एकदम वाचणारी स्वस्त चिपही बनेल, हा त्यामागचा विचार. विरोधकांचे म्हणणे असे, की घातक बदल निसर्ग वाढू देत नाही. खरे गुन्हेगार दुर्मीळ असणार आणि ते या चिपवर येणारच नाहीत.

२००७ च्या ब्रिटिश अभ्यासाने सात आजारांचे प्रत्येकी सुमारे २,००० रुग्ण तपासून २४ ठळक जागा दाखवल्या. सामान्य खुणांवर लावलेली पैज जिंकली असे वाटले. पुढच्याच वर्षी उंचीशी जोडलेल्या जवळपास ४० जागा मिळाल्या, पण त्यांतून माणसांच्या उंचीतला जेमतेम ५ टक्के फरक उलगडला. टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. मात्र २०१० मध्ये उंचीवरचा सगळ्या खुणांचा एकत्रित परिणाम मोजला, तेव्हा आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे सामान्य खुणांची निवड फारशी चुकली नव्हती.

चुकली असेल तर माणसांची. हॅपमॅपच्या पहिल्या २७० नमुन्यांत अमेरिकेच्या युटा राज्यातले युरोपीय वंशाचे, नायजेरियातल्या इबादानचे योरुबा, बीजिंगचे हान आणि टोकियोचे जपानी होते. भारतीय एकही नाही. तिसऱ्या टप्प्यात ह्यूस्टनचे गुजराती आले, तेही अमेरिकेतून!

याचे परिणाम पुण्यात दिसले. तिथल्या रुग्णांत टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध युरोपीयांसारखाच निघाला. एफटीओ या दुसऱ्या जनुकाचे तसे नव्हते. युरोपात ते लठ्ठपणातून मधुमेहाकडे नेते, वजनाचा परिणाम वगळला की संबंध जवळजवळ संपतो. पुण्याच्या नमुन्यात वजन वगळूनही तो पुरता पुसला गेला नाही.