‘वारं गेलं’, पक्षाघात आणि लकवा

सांगली-साताऱ्याकडे कुणाचा हातपाय अचानक लुळा पडला की घरचे म्हणतात, ‘अंगावरनं वारं गेलं.’ हे वारं खिडकीतून आलेलं नव्हे. आयुर्वेदाच्या मते शरीराची प्रत्येक हालचाल वाताच्या हाती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २८वा अध्याय वातव्याधींचाच आहे. कोपलेला वायू उजवी किंवा डावी बाजू मारतो आणि ‘चेष्टानिवृत्ती’ होते, म्हणजे हालचाल थांबते, असं तिथे सांगितलं आहे. बाजू म्हणजे पक्ष, म्हणून पक्षवध, पक्षाघात. अर्धांगवायूतही तोच वायू.

लकवा मात्र अरबीतून आला. ‘लक्वा’ म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं होणं, बस्स. अर्धं अंग गेलं तर हकीम ‘फालिज’ म्हणत. आपल्या वैद्यांकडेही वाकड्या तोंडाला ‘अर्दित’ हे वेगळं नाव होतं. मराठी बोलण्यात अर्दित आणि फालिज दोन्ही रुजले नाहीत, आणि सगळा भार एकट्या लकव्यावर आला. शब्दाचं हे पसरणं आम्हाला काळजीचं वाटतं, कारण या दोन आजारांत घड्याळ वेगळं चालतं.

नुसती चेहऱ्याची नस सुजली तर त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत, डोळा नीट मिटत नाही. अर्धं अंग नेणाऱ्या मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ शाबूत राहतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येते. ओठाचा कोपरा तेवढा ओघळतो, उचललेला हात खाली येतो, बोलणं जड होतं. पण ही पारख डॉक्टरांची. घरात आठ्या तपासत बसू नये.

झटका मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेल्या रक्ताच्या गुठळीमुळे असेल, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. जत-आटपाडीकडच्या वाडीवरून मिरज गाठायलाच त्यातला बराच वेळ जातो. ‘वारंच आहे, आधी तेल चोळू’ म्हणताना उरलेलाही जातो. १०८ला फोन करावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहावी. झोपेतून उठताना हात लुळा असेल तर झोपण्याआधीची वेळ. चहा-पाणी पाजू नये, गिळणं बिघडलेलं असेल तर ते श्वासनलिकेत जातं. अ‍ॅस्पिरिनही देऊ नये. मेंदूत रक्त सांडलेलं असेल तर ती गोळी घात करते.