काटेकोर साहेब आणि खुसपटं काढणारा साहेब

सेंड-ऑफ वागळे इस्टेटमधला असो की महापे-तुर्भ्यातला, भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं: "साहेब म्हणजे अगदी परफेक्शनिस्ट हं!" आणि ज्यांच्याबद्दल हे चाललेलं असतं त्यांची हयात दुसऱ्याच्या मेलमधला स्वल्पविराम इकडचा तिकडे करण्यात गेलेली असते. पेपरवाल्यांनी आमिर खानला ती पदवी बहाल केल्यापासून तिचा भाव फारच उतरलाय. त्यात हल्ली फॉर्म्युला वनची भर पडली. रविवारी रेस बघायची आणि सोमवारी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या सांगायचं, "आमचा बॉस म्हणजे रॉन डेनिसच." अहो, नाही. तुमचा बॉस खुसपटं काढतो. मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाचा साहेब रॉन डेनिस काटेकोर होता. या दोन वेगळ्या जाती आहेत.

खुसपटवाल्याचं वर्णन करत बसत नाही, तो तुमच्या शेजारच्याच केबिनमध्ये आहे. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर "हे असं का?" विचारणारा, सही करण्याआधी एक तरी शब्द बदलणारा, तुम्ही रजेवर असताना तुमचा ड्रॉवर लावून ठेवणारा. ओळखलंत ना? पुढे जाऊ.

डेनिसची ओळख मात्र हवी, कारण हल्ली रेस बघायला लागलेल्यांना मॅक्लारेन म्हणजे फक्त नारिंगी गाड्या ठाऊक. हा माणूस 1966 साली कूपर संघात मेकॅनिक म्हणून लागला. हात काळे करून वर आला. पुढे स्वतःचे छोटे संघ काढले आणि 1980 मध्ये आपला प्रोजेक्ट फोर घेऊन डबघाईला आलेल्या मॅक्लारेनमध्ये विलीन झाला. तिथून 2008 पर्यंत ड्रायव्हर्सची दहा आणि संघाची सात विजेतेपदं. 1988 चा हंगाम तर सोळापैकी पंधरा शर्यती! सोळावी इटलीतल्या मॉन्झाची, तीही मॅक्लारेनचा ड्रायव्हर आयर्टन सेना पुढे असताना मागे पडलेल्या एका गाडीला धडकला म्हणून गेली.

आता फरक. बहुतेक जण जे फरक सांगतात ते वरवरचे आहेत. एक शांत असतो, दुसरा ओरडतो? खोटं, दोन्ही जातींत दोन्ही प्रकार सापडतात. एकाचं टेबल लख्ख असतं? दोघांचंही असतं. नीटनेटकेपणाचं वेड ही तर दोघांची सामाईक खूण, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. लोक टेबल बघून निदान करतात.

खरा फरक असा: अचूकपणाची किंमत कोण मोजतं?

1980-81 मध्ये जॉन बर्नार्ड नावाच्या डिझायनरला गाडीचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमऐवजी कार्बन फायबरचा करायचा होता. फॉर्म्युला वनमध्ये तसा पूर्ण सांगाडा तोवर कुणी केला नव्हता. अपघातात त्याचा भुगा होईल असं म्हणणारे पुष्कळ होते. खुसपटवाल्या साहेबाने काय केलं असतं? ड्रॉईंगवर लाल पेनाने शेरे मारले असते, चार मीटिंगा घेतल्या असत्या आणि "आधी कुणी केलंय का?" असं विचारून फाईल परत पाठवली असती. डेनिसने पैशाची जुळवाजुळव केली, काम अमेरिकेत युटामधल्या हर्क्युलस कंपनीकडून करून घेतलं आणि बर्नार्डला बर्नार्डचं काम करू दिलं. 1981 मध्ये मॉन्झाला ड्रायव्हर जॉन वॉटसनची ती गाडी इतकी जोरात आपटली की इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन चालत बाहेर आला. भुग्याची चर्चा तिथे संपली.

इंजिनाचंही तेच. बाजारात मिळेल त्या इंजिनाभोवती गाडी बसवायला बर्नार्ड तयार नव्हता, त्याला आपल्या गाडीच्या मापाचं इंजिन हवं होतं. एरवी असा हट्ट धरणाऱ्याला "अ‍ॅडजस्ट कर ना" म्हणून गप्प बसवतात. डेनिसने टॅग कंपनीच्या मन्सूर ओजेहला पैसे घालायला राजी केलं आणि पोर्शेकडून बर्नार्डने दिलेल्या मापात दीड लिटरचं टर्बो व्ही-6 बनवून घेतलं. 1984 मध्ये त्या इंजिनावर मॅक्लारेनने सोळापैकी बारा शर्यती मारल्या. विजेतेपदाची चुरसही मॅक्लारेनच्याच दोन ड्रायव्हर्समध्ये, त्यात लाउडा प्रॉस्टच्या पुढे राहिला तो अवघ्या अर्ध्या गुणाने.

म्हणजे काटेकोर साहेब आधी साधनं उभी करतो आणि मग अचूकपणा मागतो. खुसपटवाला साधनं देत नाही, फक्त अचूकपणा मागतो.

हे मला रबाळे एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये नीट कळलं. नाव घेत नाही. ड्रॉईंगवर बोअरचं, म्हणजे भोकाच्या मापाचं, टॉलरन्स (चालणारी चूक) प्लस-मायनस 0.01 मिलिमीटर आणि ऑपरेटरच्या हातात 0.02 लीस्ट काउंटचा व्हर्नियर, म्हणजे 0.02 हून बारीक काही मोजूच न शकणारा. बोअर गेज मागितला की "बजेट नाही". महिनाअखेरीस रिजेक्शनचा आकडा दिसला की साहेब फ्लोअरवर येऊन सगळ्यांसमोर ऑपरेटरला झाडणार, वर "मला क्वालिटीत तडजोड चालत नाही" हेही ऐकवणार. तडजोड तर त्यांनी परचेसच्या टेबलावर आधीच केलेली होती. या माणसालाही सेंड-ऑफला परफेक्शनिस्ट म्हणाले. मी समोसा खाऊन निघालो.

किंमत नेहमी पैशातच असते असंही नाही. दोन्ही ड्रायव्हर समान हा डेनिसचा नियम. 2007 मध्ये त्याच्याकडे दोन वेळचा विजेता अलोन्सो होता आणि तेरा वर्षांचा असल्यापासून मॅक्लारेनने ज्याला आधार दिला तो नवखा हॅमिल्टन. अलोन्सोला पहिला मान हवा होता. डेनिसने दिला नाही. हंगेरीत पात्रता फेरीच्या वेळी हॅमिल्टनने अलोन्सोला पुढे जाऊ दिलं नाही, मग अलोन्सोने पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, त्याची वाट अडवली, संघाचे त्या शर्यतीचे गुण गेले, घरात उभा दावा मांडला गेला. (त्याच वर्षी प्रतिस्पर्धी फेरारी संघाची कागदपत्रं मॅक्लारेनच्या माणसाकडे सापडली आणि दहा कोटी डॉलरचा दंड झाला, तो वेगळाच अध्याय.) हंगाम संपला तेव्हा हॅमिल्टन 109, अलोन्सो 109, फेरारीचा रायकोनेन 110. एका गुणाने विजेतेपद गेलं. एकाला दुय्यम केलं असतं तर ते घरी आलं असतं, असं म्हणणारे आजही भेटतात. असेल. पण नियमाची झळ नियम करणाऱ्याला बसली आणि तरी तो हंगामाच्या मधेच बदलला नाही. खुसपटवाल्याचे नियम सोमवारी एक, गुरुवारी दुसरे, आणि त्याला स्वतःला कधीच लागू नसतात.

डेनिसचे भक्त इथे थांबतात. मी थांबणार नाही, कारण या माणसातही दुसरी जात अधूनमधून डोकं वर काढायची. एड्रियन न्यूईसारखा डिझायनर त्याच्याकडे होता. मॅक्लारेनच्या राखाडी-काळ्या वातावरणात न्यूईने आपल्या केबिनच्या भिंती फिकट निळ्या करून घेतल्या आणि ते डेनिसला रुचलं नाही, हे न्यूईनेच सांगितलंय. भिंतीच्या रंगाने गाडी सेकंदाचा शंभरावा भागही जोरात धावत नाही. त्यावरून नाराज होणं हे शुद्ध खुसपट. इंग्लंडमध्ये वोकिंगला नॉर्मन फॉस्टर या आर्किटेक्टकडून बांधून घेतलेली, 2004 मध्ये उघडलेली मॅक्लारेनची ती प्रसिद्ध इमारत मला मात्र काटेकोरपणातच मोजावीशी वाटते. समोरचं तळं नुसतं शोभेचं नाही, विंड टनेल (गाडीवर वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा) थंड ठेवायला त्याचं पाणी वापरतात. 2006 मध्ये न्यूई रेड बुलकडे गेला. रंगामुळे गेला असं मी म्हणत नाही, कारणं बरीच होती. पण 2010 ते 2013 रेड बुलने ओळीने दोन्ही विजेतेपदं नेली, आणि मॅक्लारेनला 1998 नंतर संघाचं विजेतेपद मिळायला 2024 उजाडलं.

तरीही निवड करायची झाली तर मी डोळे मिटून डेनिसच्या हाताखाली जाईन, निळ्या भिंतीवरची कुरकुर सहन करून. "चालतंय रे" म्हणणाऱ्या गोड साहेबापेक्षाही तो मला परवडेल.

इंटरव्ह्यूला गेलात आणि साहेब "मी जरा परफेक्शनिस्ट आहे" म्हणाले, तर मान डोलवा आणि शॉप फ्लोअर बघायला मागा. तिथे गेजवरचे, म्हणजे मापायच्या साधनांवरचे, कॅलिब्रेशनचे (माप बरोबर दाखवतं का ते तपासल्याचे) स्टिकर वाचा. तारीख उलटून गेलेली असेल तर पगार थोडा जास्त सांगा.