पूल भरल्यानंतरचा पहिला महिना
(घरच्या स्विमिंग पूलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पूल भरून आठ-दहा दिवस झाले की फोन येतो. "अहो, पाणी ताकासारखं दिसायला लागलंय. काल ब्लीचिंग पावडर आणखी दोन मुठी टाकली, तरी तसंच." हा फोन करायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे पत्रक. नव्या पूलचं पाणी पांढुरकं होतं ते बहुतेक वेळा घाणीमुळे नाही, आणि ब्लीचिंगने ते कमी न होता वाढतं.

आपल्याकडचे बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. विहिरीला झरा असतो. पाणी उपसलं जातं, नवं येतं, म्हणून तिच्या पाण्याचा कुणी फार विचार केला नाही. पूलमध्ये मात्र तेच पाणी पंपातून, फिल्टरमधून फिरून परत तिथेच येतं. त्यात टाकलेलं बरंचसं तिथेच साठत जातं. त्यामुळे काय टाकलं, किती टाकलं हे वहीत लिहून ठेवा. पूल ताब्यात देताना आम्ही वही देतो. तिच्यातला तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये आहे, कारण फार्महाऊसवर पाणी बघणारा माणूस तुमच्यापेक्षा वेगळा असतो आणि त्याला स्वतःला वाचता आलं पाहिजे.

नवं सिमेंट काय करतं

आपल्याकडचे बहुतेक पूल म्हणजे आरसीसीची टाकी, तिच्यावर वॉटरप्रूफिंग, वर मोझॅक टाइल्स आणि सांध्यांत ग्राउट. ग्राउट सिमेंटचं असेल तर त्यातला चुना पहिले तीन-चार आठवडे पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) वर चढतो. आज ७.५ वर आणलेला पीएच दोन दिवसांत ८ च्या पुढे गेलेला दिसेल. त्यात तुमची काही चूक नाही. एवढ्या पीएचला पाण्यातला चुना विरघळलेला न राहता बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. ताकासारखं दिसतं ते हेच.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीनचा जंतू मारणारा भाग पीएचवर अवलंबून असतो. पीएच ७.२ असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश कामाचा, ७.५ ला साधारण निम्मा, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच चढलेल्या पाण्यात पावडर ओतत राहणं हे पैसे ओतणं आहे. त्यातून साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये चुनाच भरपूर असतो, त्यामुळे पाणी आणखी पांढरं होतं. विहिरीसाठी ती ठीक आहे, पूलमध्ये टाकू नका.

पहिला महिनाभर रोज, निदान एकाआड एक दिवस, पीएच तपासा. पहिले दोन आठवडे सकाळी नायलॉनच्या ब्रशने तळ आणि भिंती घासा, म्हणजे सुटलेला चुना टाइल्सवर चिकटून बसणार नाही. एवढं केलं तर या चुन्याचा पांढरा थर टाइल्सवर सहसा धरत नाही. टाइल्सवर एकदा बसलेला थर काढायला किती त्रास होतो, हे आम्ही बघितलेलं आहे.

पाणी कुठलं भरता?

यावर आम्ही सगळ्यात जास्त भर देतो. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयाचं पाणी येतं. हे नदीचं पाणी, सहसा मऊ. मऊ पाण्याला चुन्याची भूक असते. ती भागवायला ते ग्राउट खातं, आणि दोन वर्षांत सांधे खडबडीत होतात. अशा पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालून कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियमचं प्रमाण, २०० पीपीएमपर्यंत नेतात. (पीपीएम म्हणजे एका लिटरात एक मिलिग्रॅम.) कॅल्शियम क्लोराइड पाण्यात पडलं की चांगलंच तापतं, म्हणून बादलीभर पाण्यात थोडं थोडं सोडा.

अथणी, कागवाड, चिकोडीकडच्या काळ्या जमिनीतल्या बोअरचं पाणी बहुधा याच्या उलट, जड. तिथे कॅल्शियम घालायचा प्रश्नच नाही. उलट पीएच ७.२ ते ७.४ च्या आसपास धरा, क्षारता (पीएचला जागेवर धरणारी ताकद, पुढे सांगितली आहे) ८० ला ठेवा आणि क्लोरीनसाठी दाणेदार पावडरऐवजी द्रव हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरा, कारण दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट प्रत्येक वेळी थोडं कॅल्शियम वाढवतं.

खानापूर, जांबोटी बाजूच्या जांभ्याच्या जमिनीत बोअरच्या पाण्यात लोह निघू शकतं. सुरुवातीच्या काळात आम्ही अशा एका पूलमध्ये पाणी न तपासता भरल्या दिवशीच क्लोरीन टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, पायऱ्यांवर तांबडे डाग पडले. त्या कुटुंबाची वास्तुशांत दोन दिवसांवर होती. तेव्हापासून भरायच्या आधी पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर क्लोरीन टाकून रात्रभर ठेवतो. सकाळी तांबूस दिसलं तर ते पाणी थेट पूलमध्ये सोडत नाही. आधी वेगळ्या टाकीत उंचावरून पाडून, हवा लागू देऊन, निवळू देतो. तुम्हीही टँकरवाल्याला विचारा, टँकर कुठे भरतो. आज एका बोअरचं, उद्या दुसऱ्या, असं असेल तर दोन्ही तपासावी लागतील.

बोअरच्या पाण्याबद्दल आणखी एक. ताज्या उपशात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून पीएच कमी दिसतो. पाणी खेळू लागलं की वायू उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. तेव्हा भरल्या भरल्या पीएच वाढवायला काही टाकू नका. कारंजं किंवा धबधबा बसवला असेल तर हे आणखी जोरात होतं.

आधी क्षारता, मग पीएच, मग क्लोरीन

क्षारता म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारी ताकद. ती कमी असेल तर थोड्याशा ॲसिडने पीएच खाली कोसळतो, थोड्याशा सोड्याने वर उडतो. ती ८० ते १२० पीपीएम हवी. वाढवायला खाण्याचा सोडा वापरतात. धुण्याचा सोडा नव्हे, त्याने पीएच एकदम चढतो. दुकानात मागताना हा फरक स्पष्ट सांगा, पोती दिसायला सारखीच असतात.

उदाहरण घेऊ. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल पूल म्हणजे ४०,००० लिटर, पाच हजारांचे आठ टँकर. क्षारता ५० आली आणि ९० करायची, तर साधारण २.७ किलो खाण्याचा सोडा लागेल. निम्मा आज, निम्मा उद्या, पंप चालू ठेवून. मग पीएच: ७.२ ते ७.६. खाली आणायला हायड्रोक्लोरिक ॲसिड. या पूलसाठी एका वेळी ४०० मिलीच्या वर जाऊ नका. सहा तासांनी पुन्हा तपासा, गरज असेल तरच पुढचा डोस द्या.

शेवटी क्लोरीन, १ ते ३ पीपीएम. ६५ टक्क्यांच्या दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटने याच पूलमध्ये २ पीपीएम वाढवायला सुमारे १२५ ग्रॅम पुरते. हे सूर्य मावळल्यावर टाका. उघड्या पाण्यातला क्लोरीन मार्च ते मेच्या उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त उडतो. त्यासाठी सायन्युरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर, ३० ते ५० पीपीएम ठेवतात.

तरंगत्या डब्यातल्या मोठ्या गोळ्या सोयीच्या वाटतात, पण त्या गोळ्यांतच स्टॅबिलायझर असतं. रोज २ पीपीएम क्लोरीन या हिशोबाने दोन महिन्यांत त्यांच्यामुळे स्टॅबिलायझर ७० ने वाढतं. मग पाणी तपासायचं किट क्लोरीन दाखवतं, पण तो काम करत नाही आणि पाणी हिरवं पडतं. घरच्या घरी उपाय एकच, काही पाणी काढून नवं भरणं. गोळ्या बाहेरगावी जाताना वापरा, रोज नको.

शेवाळ दिसलं की द्राक्षबागायतदार मंडळींचा हात मोरचुदाकडे जातो, घरात असतोच. तो शेवाळ मारतो हे खरं, पण तांबं पाण्यात राहतं, ग्राउटवर डाग धरतं. आम्ही तो सुचवत नाही.

"क्लोरीनचा उग्र वास येतोय, फार झालाय वाटतं" असंही विचारतात. तो वास घाम आणि लघवीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा. मोकळा क्लोरीन कमी पडल्याची ती खूण आहे. अशा वेळी मोठा डोस लागतो. त्यानंतर क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली येईपर्यंत मुलांना उतरू देऊ नका. मोठ्या डोसानंतरच्या एवढ्या क्लोरीनमध्ये पीएच तपासायचे लाल थेंबही चुकीचा, जांभळट रंग दाखवतात. तो पाहून ॲसिड टाकू नका.

पाऊस आणि करंट

जून ते सप्टेंबर कुणी पोहत नाही म्हणून पंप बंद ठेवू नका. पावसाने क्षारता उतरते, पानं कुजतात. शेतावर थ्री फेज ठरावीक तासच असते, म्हणून शक्य असेल तर सिंगल फेजवर चालणारा पंप घ्या आणि करंट असेल तेव्हा दिवसाचे निदान चार तास चालवा. उन्हाळ्यात सहा ते आठ तास.

जिवाची काळजी

ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू होतो. गोळ्यांचा क्लोरीन आणि दाणेदार क्लोरीन एकाच डब्यात, एकाच ओल्या मापाने घेतले तर पेट किंवा स्फोट होऊ शकतो. वेगळी मापं, वेगळी कपाटं, कुलूप. ॲसिड पंपाच्या पॅनेलपाशी ठेवू नका, वाफेने तारा गंजतात.

नमुना तपासायला आणायचा असेल तर स्वच्छ बाटली पूलच्याच पाण्याने दोनदा विसळा, हात कोपरापर्यंत बुडवून, पाणी परत येतं त्या तोंडापासून लांब भरा आणि त्याच दिवशी आणा. वही सोबत असू द्या.