राणीची बाग, मत्स्यालय आणि वेळासची टोपली

मे महिन्यात गावी आलेल्या मुंबईकर पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. आंबे खाऊन झाले, समुद्रात डुंबून झालं, आता पोरांना दाखवायला इकडे एखादं झू आहे का? पिंजऱ्यांच्या ओळी आणि वाघासमोर उभं राहून फोटो, अशा अर्थाने विचारत असाल तर उत्तरेला मुंबई गाठायची, नाहीतर दक्षिणेला गोव्यातलं बोंडला. मधल्या एवढ्या लांब किनारपट्टीवर प्राणी बघायला जाण्याची रीतच वेगळी पडली, आणि ती का पडली हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

प्राणी आणि कोकण किनारा हा संबंध मुळात बंदरांचा. इथून प्राणी जहाजावर चढत आणि दूरच्या राजेलोकांच्या दारात उतरत. त्यातली सर्वांत गाजलेली सफर एका गेंड्याची. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला भेट दिला. आल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी हवी होती. परवानगी मिळाली नाही, गेंडा मिळाला. एवढं मोठं जनावर ठेवायचं कुठे? त्याने ते आपल्या राजाकडे धाडून दिलं. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. युरोपात कित्येक शतकांत जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. पुढे तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, तेव्हा १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडांनी बांधलेला गेंडा त्याबरोबर गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं ते नुसतं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन पाहून. प्रत्यक्ष गेंडा त्याच्या नजरेला कधी पडलाच नाही. तरी पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपचा गेंडा म्हणजे तेच चित्र, अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखं.

दुसरा प्राणी दगडी आहे. घारापुरी बेटावर एका अखंड खडकात कोरलेला मोठा हत्ती उभा होता. पोर्तुगिजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान ढासळली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. पण उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे केले. आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर जो हत्ती दिसतो तो हाच. राणीच्या बागेच्या आवारातला सर्वांत म्हातारा हत्ती उरण तालुक्यातला आहे, हे आमच्या रायगडच्या मंडळींनी जरा अभिमानाने सांगायला हरकत नाही.

राणीची बाग ही कोकणी माणसाची जागा कशी झाली, ही गोष्ट मात्र हत्तीची नव्हे, गिरण्यांची. बाग आधी झाली आणि प्राणी नंतर आले. कृषी आणि उद्यानविद्येला वाहिलेल्या एका सोसायटीची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीकडे गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते ती खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचं नाव म्हणून लोकांच्या तोंडी ‘राणीची बाग’. प्राण्यांसाठी जागा जोडली गेली ती १८९० मध्ये. नंतर बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव दिलं गेलं, तरी बोलण्यातली राणी काही हलली नाही. जिजाबाई काय राणी नव्हत्या, असं एक आजोबा म्हणायचे, आणि विषय तिथेच मिटायचा.

लालबाग, परळ, भायखळा, चिंचपोकळी या पट्ट्यात गिरण्यांच्या भोवती रत्नागिरी जिल्ह्यातले चाकरमानी राहत. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळी एकच रत्नागिरी. गावकीच्या खोलीत वळकट्या लावून वीस-वीस माणसं. रविवारी फिरायला पैसे न लागणारी, चालत जाता येईल अशी जागा म्हणजे बाग. गावाहून बायको-मुलं महिनाभर आली की एक दिवस महालक्ष्मी, एक दिवस गेटवे आणि एक दिवस राणीची बाग, हा शिरस्ता. गावी परतल्यावर शेजारणींचा पहिला प्रश्न, “राणीची बाग बघलंस मां?” ज्याने बघितली नाही त्याने मुंबई बघितली असं कोणी धरत नसे. कोकणातल्या पोरांनी रानात बिबट्याचे ठसे, शेकरूची घरटी, वस्तीत शिरलेला अजगर पाहिलेला असे. पण सिंह आणि हत्ती त्यांना दिसले ते भायखळ्यात.

दारात येणारे प्राणी म्हणजे नंदीबैल, माकडवाला आणि कधीतरी दरवेश्याचं अस्वल. सर्कस त्या मानाने मोठी गोष्ट. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत भारतीय सर्कशीचा पहिला खेळ केला आणि तिथून पुढे अनेक मराठी सर्कशी तंबू घेऊन हिंडल्या. भाताची कापणी होऊन मळे मोकळे झाले की तालुक्याच्या गावी तंबू लागला तर लागला. घाटातून हत्ती-वाघांचे पिंजरे खाली आणणं सोपं नव्हतं. जे काही दिसे ते वर्षभर बोलायला पुरे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वलं आणि माकडं यांचे खेळ बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. दरवेशीही त्याच काळात दिसेनासे झाले. आमच्या पिढीतल्या काहींना याची हळहळ वाटते. मला वाटत नाही; नाकात वेसण घातलेलं अस्वल ज्याने जवळून पाहिलंय त्याला ती वाटायची नाही.

प्राणिसंग्रहालयांनाही याच सुमारास शिस्त लागली. कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. तोवर कुणीही चार पिंजरे मांडून बसू शकत असे. आता जागा किती, डॉक्टर कोण, खाद्य काय, सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. राणीच्या बागेतले जुने गजांचे पिंजरे जाऊन काचेची दालनं आली ती या रेट्याने. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला. मार्च २०१७ मध्ये ते लोकांना दिसू लागले, आणि त्याच वर्षी मोठ्यांचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. पेंग्विन गोड आहेत यात वाद नाही. पण पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी गार केलेल्या खोलीत पाहण्यापेक्षा बागेतली गोरखचिंच आणि फुललेली उर्वशी पाहायला मी दुसऱ्यांदा जाईन. झाडं बघायचीत हे मनाशी धरून गेलात तर बाग अजूनही दिवसभर पुरते. बुधवारी मात्र बंद असते.

कोकणाने स्वतःच्या मातीतून, खरं तर पाण्यातून, उभं केलेलं पहिलं दाखवण्यासारखं ठिकाण म्हणजे रत्नागिरीचं मत्स्यालय. १९५८ मध्ये पेठकिल्ल्यात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. केंद्र पुढे त्याच्याकडे आलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलं होतं; ते शोभेचं, शहराच्या हौसेचं. गेली काही वर्षं ते बंदच आहे. रत्नागिरीचं केंद्र कामाचं, मासेमारीला आणि मत्स्यशेतीला उपयोगी पडावं म्हणून काढलेलं, आणि टाक्या त्याच्या पोटातून आल्या. म्हणून ते पाहताना आपण कुणाच्या तरी प्रयोगशाळेत डोकावतोय असं वाटतं. झगमगाट नाही. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत सिंहमासा, शेवंड, कासव. संग्रहालयात बाटल्यांतले नमुने, शंख-शिंपले, समुद्री साप. आणि सगळ्यांच्या लक्षात राहतो तो देवमाशाचा सांगाडा, जवळपास पंचावन्न फुटांचा. रत्नागिरीत शाळा शिकला आणि सहलीला मत्स्यालयात गेला नाही, असा माणूस विरळा.

कोकणी माणूस मत्स्यालयात गेला की काय होतं ते पाहण्यासारखं असतं. पोरं काचेला नाक लावून उभी, आणि मागे मोठी माणसं हळू आवाजात, ह्याचं तिखलं बरं लागतं, हा खडकात मिळतो, हा आताशा दिसत नाही. बाजारात टोपलीत बर्फाखाली ज्याच्याशी रोजची गाठ, तो इथे श्वास घेताना दिसतो. “हा आताशा दिसत नाही” हे वाक्य मी दर खेपेला ऐकलंय आणि मासेमारीबद्दल मला त्यातून बरंच कळलंय. देवमाशाच्या सांगाड्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू येऊन रुतलं. ते पाण्यात परत ढकलायला गावकरी, वनखातं, जीवरक्षक सगळे दोन दिवस झटले. ते वाचलं नाही. त्यानंतर सांगाड्यासमोर उभं राहिलं की एवढं हाड कुठून आलं हा प्रश्न पोरं विचारत नाहीत.

रानातल्या जागांची वाट वेगळी. त्यांतलं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. नवाबाने शिकारीसाठी राखलं म्हणून तोड झाली नाही आणि १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं, सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. फणसाड गाण, चिखल गाण अशी नावं. उन्हाळ्यात गाणीपाशी गप्प बसून राहणं हीच तिथली सफर. गारंबीच्या मनगटाएवढ्या वेली झाडाझाडांवरून गेलेल्या असतात आणि वर शेकरू. नशीब असेल तर दिसेल, नाहीतर डास चावून घरी. कर्नाळा १९६८ चं, पनवेलजवळ हमरस्त्यालाच लागून, म्हणून गर्दीचं. पहाटे गेलात तर पक्षी, दहानंतर गेलात तर शाळेच्या सहली. बोंडला गोव्यातलं लहानसं अभयारण्य, जेमतेम आठ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या पोटात प्राणिसंग्रहालय. सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांना राणीच्या बागेपेक्षा ते जवळचं. झाडीत असल्यामुळे सावली आहे, हे मे महिन्यात कमी नाही.

मालवणला समुद्रातच अभयारण्य जाहीर झालं, १९८७ मध्ये, २९ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण पोट त्या पाण्यावर. तो वाद लांबला. दरम्यान १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि उलटा प्रवास सुरू झाला. पूर्वी गावची पोरं प्राणी बघायला मुंबईला जात, आता मुंबईची पोरं तोंडात नळी धरून मालवणच्या प्रवाळावर तरंगू लागली. त्यांना पाण्यात उतरवतात, रंगीत मासा दाखवतात, ते बऱ्याचदा मच्छीमारांच्याच घरचे तरुण.

या साऱ्यात ज्याने पद्धत बदलली ते गाव मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणविसांचं गाव एवढीच त्याची ओळख होती. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत तिथे पोहोचली आणि वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. ऑलिव्ह रिडले कासवं रात्री किनाऱ्यावर येऊन शंभरावर अंडी घालत आणि ती अंडी माणसं नाहीतर कोल्हे-कुत्रे नेत. २००२ पासून अंडी कुंपणाच्या आत, तशाच खोल खड्ड्यात हलवायला सुरुवात झाली. अंडी शोधण्यात तरबेज होती तीच माणसं राखणीला घेतली, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला आणि लोक घराघरांत उतरू लागले. मोदक, सोलकढी, अंगणात गाद्या.

तिथे बघायचं काय? खड्ड्यावर एक टोपली पालथी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलतात. खाली पिल्लं असली तर ती पाण्याकडे सोडतात, दोरीच्या अलीकडे दीडशे माणसं श्वास रोखून. नसली तर टोपली परत ठेवतात आणि सगळे चहाला जातात. अंड्यांना पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, उष्म्यावर अवलंबून, त्यामुळे तारीख कुणी छातीठोकपणे सांगत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल एवढंच. एका खेपेला आम्ही दोन दिवस राहून चारदा रिकामी टोपली पाहिली. बरोबरच्या लहानग्याने पैसे परत मागा म्हणून सांगितलं.

चिपळूणला तर प्राणीच भेटायला येतात. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या. होडीतून त्या दाखवायला नेतात, आणि तिथेही वेळ घड्याळाची नाही, भरती-ओहोटीची. पाऊस वाढला की हिशेब उलटतो. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री एक मगर शहरातल्या रस्त्याने रिक्षाच्या उजेडात चालत गेली, तो व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. चिपळूणकरांनी पाहिला आणि पुढे पाठवला, एवढंच.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवला आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरची कासवं पश्चिमेलाच फिरतात आणि ओडिशाची बंगालच्या उपसागरात, असा पूर्वी समज होता. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला दिसला, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात ठोकलेला होता. साडेतीन हजार किलोमीटर पोहून ती श्रीलंकेला वळसा घालून आली असावी असा अभ्यासकांचा अंदाज. अंडी घालून झाल्यावर ती पाण्यात गेली. तिची अंडी कुंपणात हलवली आणि त्यांवर टोपली ठेवली.